साठ टक्क्यांची रेघ आणि डेलावेअरचे सिनेटर

शेअर बाजारात काम करणारी माणसं राजकारण्यांची भाषणं सहसा ऐकत नाहीत. तरीही २००९ च्या उन्हाळ्यापासून आमच्या ऑफिसात एका सिनेटरचं नाव सारखं कानावर यायला लागलं होतं. डेलावेअरचे टेड कॉफमन. मी तेव्हा न्यू जर्सीत, जर्सी सिटीला एका ब्रोकरेज कंपनीत ऑपरेशन्सला होते. ग्राहकाची ऑर्डर बाजारात कुठे गेली, कुठल्या भावाला पुरी झाली, काही विचित्र घडलं असेल तर सौदा रद्द करण्याचा अर्ज वेळेत गेला की नाही, हे बघणं माझं काम. त्या अर्जाला साधारण अर्ध्या तासाची मुदत असायची, त्यामुळे घड्याळाकडे एक डोळा कायम.

कॉफमन निवडून आलेले नव्हते. जो बायडेन उपराष्ट्रपती झाले, त्यांची सिनेटची जागा रिकामी झाली आणि डेलावेअरच्या गव्हर्नर रूथ ॲन मिनर यांनी त्या जागी कॉफमन यांना नेमलं. आपल्याकडे लोकसभेची जागा रिकामी झाली तर पोटनिवडणूक घ्यावी लागते. कुणाला नेमून ती भरता येत नाही. अमेरिकेत मात्र १९१३ च्या सतराव्या घटनादुरुस्तीने राज्यांना सिनेटसाठी ही मुभा दिली आहे. १६ जानेवारी २००९ ला कॉफमन यांनी शपथ घेतली. त्याआधी १९ वर्षं ते बायडेन यांचे चीफ ऑफ स्टाफ होते. १९७२ च्या पहिल्या प्रचारात स्वयंसेवक म्हणून आले आणि तिथेच रुळले. म्हणजे साहेबांचं ऑफिस चालवणारा, फायली वाचणारा, फोटोत मागे उभा राहणारा माणूस वयाच्या सत्तरीजवळ एकदम स्वतःच सिनेटर झाला.

नेमणुकीच्या वेळीच त्यांनी सांगून टाकलं होतं की २०१० ची निवडणूक आपण लढवणार नाही. बायडेन यांचे चिरंजीव बो तेव्हा राज्याचे ॲटर्नी जनरल होते आणि लष्करी सेवेत इराकला होते. ते परत येईपर्यंत एसटीच्या सीटवर रुमाल टाकावा तसं कॉफमन यांना बसवलंय, असंच सगळे म्हणायचे. आमच्या कंपनीतही तोच सूर होता. ‘दीड-दोन वर्षांचा पाहुणा आहे, बोलू द्या.’

मला हे बोलणं कधीच पटलं नाही, कारण कॉफमन विचारत असलेले प्रश्न थेट माझ्या टेबलावरचे होते. कॉफमन मुळात मेकॅनिकल इंजिनिअर, ड्यूपाँटमध्ये नोकरी केलेले. ऑगस्ट २००९ मध्ये त्यांनी बाजार नियामक असलेल्या एसईसीच्या अध्यक्ष मेरी शापिरो यांना पत्र लिहिलं. बाजाराची सगळी रचनाच नव्याने तपासा, अशी मागणी होती. शेअर बाजाराच्या यंत्रांशेजारी स्वतःचे सर्व्हर ठेवून काही कंपन्या बाकीच्यांच्या आधी भाव वाचतात, ते योग्य आहे का? निम्म्याहून जास्त उलाढाल संगणक आपसात करतात, त्यावर लक्ष कुणाचं आहे? उद्या काही बिघडलं तर क्षणाक्षणाला काय घडलं हे जुळवून सांगता येईल अशी नोंद कुणाकडे आहे?

हा शेवटचा प्रश्न वाचला तेव्हा मी खुर्चीत सरसावून बसले होते. एका साध्या सौद्याचा माग काढायला मला चार ठिकाणच्या नोंदी मागवाव्या लागत, आणि प्रत्येक ठिकाणचं घड्याळ थोडं वेगळं चालायचं. हे बाहेरच्या कुणाला माहीत असेल असं मला वाटलंच नव्हतं.

निवडून आलेला सिनेटर असे प्रश्न का विचारत नाही, हे समजणं अवघड नाही. त्याला पुढच्या निवडणुकीसाठी पैसे उभे करायचे असतात, आणि वॉल स्ट्रीटकडे पैसे असतात. कॉफमन यांना कुणाकडेच हात पसरायचा नव्हता. पण माझ्या मते तेवढंच कारण नव्हतं. निवडणूक न लढवणारे आणखीही असतात, ते काही असे झटत नाहीत. कॉफमन यांनी आयुष्य दुसऱ्याच्या भाषणाची तयारी करण्यात घालवलं होतं. विषय तळापर्यंत वाचायची त्यांना सवय होती, आणि सिनेटची कुठली खिडकी कशी उघडते हेही ठाऊक होतं. दर आठवड्याला सभागृहात उभं राहून ते एखाद्या सरकारी कर्मचाऱ्याच्या कामाबद्दल बोलायचे. नाव कुणी न ऐकलेला शास्त्रज्ञ, अधिकारी, कारकून. पडद्यामागे आयुष्य काढलेल्या माणसालाच हे सुचावं.

६ मे २०१०, गुरुवार. सकाळपासून बाजार उतरत होता. ग्रीसचं कर्ज, अथेन्समधली निदर्शनं. ऑफिसातल्या टीव्हीवर तीच दृश्यं चालू होती. अडीच वाजेपर्यंत डाऊ, म्हणजे तिथल्या शेअर बाजाराचा निर्देशांक, बराच खाली आला होता, पण घाबरण्यासारखं काही नव्हतं. पावणेतीनच्या आसपास मात्र माझ्या पडद्यावरची लाल ओळ इतक्या वेगाने सरकायला लागली की आकडे वाचता येईनात. पाचेक मिनिटांत आणखी सुमारे सहाशे अंश गेले. दिवसभराची घसरण जवळपास हजारावर पोचली.

आमच्यातल्या एकाला वाटलं, पडद्यावर भाव पुरवणारी फीड बिघडली. त्याने दुसऱ्या पुरवठादाराची फीड लावली. तिथेही तेच. प्रॉक्टर अँड गॅम्बल, म्हणजे साबण-डायपर विकणारी, कधी फारशी न हलणारी कंपनी. साठ डॉलरच्या आसपासचा शेअर ३९.३७ वर दिसला. आणि मग ॲक्सेंचर. चाळीसेक डॉलरचा शेअर, सौदा झालाय एका सेंटला. पडद्यावर ०.०१. मी तो आकडा बोटाने झाकून परत पाहिला.

एक सेंट हा भाव आला कुठून, ते सांगायला हवं. बाजारात दोन्ही बाजूंनी भाव लावून ठेवायची जबाबदारी काही मंडळींवर असते. त्यांना प्रत्यक्षात सौदा करायचा नसला की ते नावापुरता भाव लावून ठेवत: खरेदीला एक सेंट, विक्रीला एक लाख डॉलर. तिथपर्यंत कुणी पोचणारच नाही, हे गृहीत धरलेलं. त्या दुपारी खरे खरेदीदार काही मिनिटं बाजूला झाले. वेगवान संगणकांनी काढता पाय घेतला, आणि आमच्यासारख्यांच्या किरकोळ ग्राहकांच्या ऑर्डरी एरवी स्वतःच पुऱ्या करणाऱ्या मोठ्या कंपन्यांनी त्या थेट बाजारात ढकलल्या. त्या ऑर्डरींना खाली तो नावापुरता भावच भेटला.

तीन वाजून पाच-सात मिनिटांपर्यंत बहुतेक भाव परत वर आले होते. बाजार बंद होताना डाऊ ३४७ अंशांनी खाली होता. संध्याकाळी घरी येऊन बातमी बघणाऱ्याला तो एक वाईट दिवस वाटला असता, एवढंच. पण मधल्या वीस मिनिटांत ज्यांचे शेअर विकले गेले होते, ते विकलेच गेले होते. आम्ही अर्ज भरत होतो, फोन वाजत होते, अर्ध्या तासाची मुदत एकामागून एक सौद्यावर संपत चालली होती.

संध्याकाळी शेअर बाजारांनी निर्णय कळवला. २:४० ते ३:०० मधले जे सौदे २:४० च्या भावापेक्षा साठ टक्क्यांहून जास्त दूर झाले, ते रद्द. बाकीचे कायम. निर्णयावर अपील नाही. पुढे कळलं की देशभरात वीस हजारांहून जास्त सौदे रद्द झाले, तीनशेहून अधिक शेअर आणि फंडांमधले.

मी आमची यादी टक्क्यांप्रमाणे लावली आणि साठवर आडवी रेघ ओढली. रेघेच्या वर ज्यांना भाव अगदीच हास्यास्पद मिळाला ते सुटले. खाली ज्यांचं निम्मं गेलं ते अडकले. त्या खालच्या भागात पेन्सिल्व्हेनियातल्या एका निवृत्त शिक्षिकेचं खातं होतं. बाजाराच्या निर्देशांकाबरोबर वरखाली होणाऱ्या एका इंडेक्स फंडात बाईंची बचत होती आणि खबरदारी म्हणून त्यांनी स्टॉप-लॉस लावून ठेवला होता; भाव थोडा पडला की विकून मोकळं व्हायचं. भाव पडला, ऑर्डर जागी झाली आणि मिळेल त्या भावाला विकून बसली. साठेक डॉलरचं युनिट एकतीसला. अठ्ठेचाळीस टक्के. रेघेच्या खाली.

त्याच वेळी कंप्लायन्सच्या, म्हणजे नियम पाळले जातात का ते बघणाऱ्या विभागातल्या सहकाऱ्याने कोपऱ्यातला टीव्ही सिनेटच्या थेट प्रक्षेपणावर लावला होता. बँकसुधारणेच्या विधेयकावर कॉफमन आणि ओहायोचे शेरॉड ब्राऊन यांची दुरुस्ती मतदानाला होती. कुठल्याही बँकेकडे देशातल्या विमा-संरक्षित ठेवींच्या दहा टक्क्यांहून जास्त ठेवी नकोत, ठेवींव्यतिरिक्तची तिची देणी देशाच्या जीडीपीच्या दोन टक्क्यांच्या आत हवीत. म्हणजे सर्वांत मोठ्या बँकांना स्वतःचे तुकडे करावे लागले असते. दुपारी जे झालं त्याच्याशी या दुरुस्तीचा थेट संबंध नव्हता. ती मंजूर असती तरी ॲक्सेंचर एका सेंटला गेलाच असता. पण दोन्हींच्या मुळाशी कॉफमन यांचं म्हणणं एकच होतं: जे इतकं मोठं किंवा इतकं वेगवान झालंय की नियामकालाही दिसत नाही, ते तसंच चालू देऊ नका.

३३ विरुद्ध ६१. दुरुस्ती पडली.

ऑफिसात कुणी काही बोललं नाही. ज्या माणसाने नऊ महिने आधी लेखी इशारा दिला, तो बरोबर ठरला त्याच दिवशी हरला. मला फार वाईट वाटलं, आणि रागही आला. त्यांना पाहुणा म्हणून हसणाऱ्यांचा राग.

दुसऱ्या दिवशी शिक्षिकाबाईंना फोन मलाच करायचा होता. त्या ओरडल्या नाहीत. आधी विचारलं, ‘भाव परत वर आला ना? मग माझे का नाही आले?’ मी रेघ समजावून सांगितली. साठ हाच आकडा का, याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. मग त्यांनी विचारलं, असं होऊ शकतं हे कुणालाच माहीत नव्हतं का? मी कॉफमन यांच्या पत्राबद्दल सांगितलं. सार्वजनिक पत्र होतं, प्रत पाठवू का विचारलं. हो म्हणाल्या. शाळेत नागरिकशास्त्र शिकवलेल्या बाई. पत्र वाचून परत फोन केला आणि पहिलाच प्रश्न, हे गृहस्थ नोव्हेंबरात उभे राहणार आहेत का? नाही म्हटल्यावर त्या चिडल्या, आदल्या दिवशी पैसे गेल्याचं ऐकूनही चिडल्या नव्हत्या तितक्या.

पुढच्या काही महिन्यांत बऱ्याच गोष्टी झाल्या. जूनमध्ये मोठ्या शेअरांना वेगवेगळे सर्किट ब्रेकर लागले, म्हणजे भाव एकदम फार हलला की त्या शेअरचे सौदे काही वेळ थांबणार. सप्टेंबरमध्ये सौदे रद्द करण्याच्या मर्यादा आधीच ठरवून दिल्या आणि रेघ साठवरून खूप खाली आली. त्या नियमात बाईंचा सौदा नक्की रद्द झाला असता, पण नियम मागच्या तारखेला लागू नव्हता. नोव्हेंबरात नावापुरते भाव लावण्यावर बंदी आली. घसरण सुरू कशी झाली याचा सरकारी अहवाल यायला ३० सप्टेंबर उजाडला. वीस मिनिटांचा माग लावायला जवळपास पाच महिने. कॉफमन यांनी नेमकं हेच विचारलं होतं.

१५ नोव्हेंबर २०१० ला त्यांची मुदत संपली. बो बायडेन निवडणुकीला उभे राहिलेच नाहीत. ख्रिस कून्स निवडून आले. कॉफमन यांनी पुढे काही महिने बँकांच्या बचाव निधीवर देखरेख करणाऱ्या समितीचं अध्यक्षपद एलिझाबेथ वॉरन यांच्यानंतर सांभाळलं. सगळ्या ऑर्डरींची एकत्र नोंद ठेवण्याचा नियम एसईसीने जुलै २०१२ मध्ये मंजूर केला, तेव्हा सिनेटमध्ये ते नव्हते. शिक्षिकाबाईंनी त्याच्या बरंच आधी आमच्याकडचं खातं बंद केलं होतं, उरलेली रक्कम गावच्या पतसंस्थेत ठेवली होती.