टेबल खाली आलं

आज बेळगावात, उद्यमबागच्या आमच्या वर्कशॉपमध्ये माझं टेबल माडीवरून खाली आलं. लहानपणीच्या पोलिओनं डावा पाय अधू झाला, आणि आता पन्नाशीच्या तोंडावर उजवाही दमायला लागलाय. डॉक्टर याला पोस्ट-पोलिओ म्हणतात. वर्षानुवर्षं जादा भार ओढलेले स्नायू उतारवयात असे थकतात. रोज सकाळी जिना चढून खुर्चीत टेकेपर्यंत निम्मा जीव तिथंच संपायचा, मग बिलं कशी हातावेगळी होणार? आज आल्या आल्या बसले. शेजारी लेथचा घरघराट, कागदांवर बारीक कीस उडतोय, तरी जेवणाच्या सुट्टीआधी सगळी चलनं फाइलला लागली! मालक म्हणाले, "अक्का, जिनाच आडवा येत होता की."

कामाचा वेग मोजतात, जिना कुणी मोजत नाही, याचा मला फार राग येतो. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यानं सरकारी कार्यालयांना अशी सोय करून देणं बंधनकारक केलंय. आमच्याकडे ती दोन पोरं आणि एका एक्स्टेंशन बोर्डावर भागली.

शहापूर, वडगावात मागावर बसणारं कुणी वाचत असेल तर मालकाशी बोला. यूडीआयडी कार्डाच्या, म्हणजे दिव्यांगांच्या सरकारी ओळखपत्राच्या, कागदांत कन्नड अडत असेल तर रविवारी घरी या, मी भरून देते.