डीव्हीआरचं घड्याळ ४० मिनिटं पुढं होतं

मार्च महिना, सांगली मार्केट यार्डात हळदीचा सिझन जोरात, आणि दुपारी एका शेठचा फोन आला, "फुटेज काढायचंय, पेन ड्राइव्ह घेऊन ये." त्या गाळ्यातले ८ कॅमेरे आणि त्यांचं रेकॉर्डिंग साठवणारा डीव्हीआर मीच बसवलेले, म्हणून हातातलं काम टाकून गेलो. चार दिवसांपूर्वीच्या हिशोबात हळदीचं एक पोतं कमी भरत होतं, आणि शेठनी वखारीच्या कॅमेऱ्याचं फुटेज बघून निकाल लावून पण टाकला होता. स्क्रीनवर रात्री ८ वाजून १० मिनिटांनी त्यांचे जुने हमाल मामा वखारीत शिरताना दिसत होते, आणि दुकान तर रोज पावणेआठला बंद होतं. मामा एवढंच सांगत होते, "मी साडेसातला पाणी प्यायला आत गेलतो, मग घरी गेलो." २२ वर्षं तिथं पाठीवर पोती वाहिलेला माणूस, आणि गाळ्यातलं कुणी त्यांच्याकडं नीट बघत पण नव्हतं.

कॉपी लावायच्या आधी मी सहज लाइव्ह स्क्रीन बघितली. तारीख बरोबर होती, वेळ ३:५०. माझ्या मोबाइलवर ३:१०.

अंगावर काटा आला खरं सांगतो. मी शेठना म्हणलं, त्या दिवशीचा पुढचा कॅमेरा लावू या, तुम्ही शटर ओढलं तो. लावला, तर शेठ स्वतः कुलूप घालताना दिसतायत आणि कोपऱ्यात वेळ ८:२६. "तुम्ही किती वाजता बंद केलं?" "पावणेआठला, रोजच्यासारखं." मग ते गप्प झाले. मामा आत गेलेले ते खरंच साडेसातला.

हे झालं कसं, तर गाळ्याचं नेट दीड वर्षापूर्वी बंद पडलं आणि परत कुणी रिचार्ज केलं नाही. नेट असलं की डीव्हीआर वेळ बाहेरून जुळवून घेतो, नेट गेलं की आतल्या घड्याळावर चालतो, आणि ते घड्याळ महिन्याला दोन-सव्वादोन मिनिटं सरकलं तरी दीड वर्षात एवढं होतं. चित्र दिसत होतं म्हणून कुणालाच काही वाटलं नाही. एएमसी, म्हणजे वर्षाचा देखभालीचा करार, त्यांनी रिन्यू केली नव्हती हे खरं, पण मधे एकदा एसएमपीएस, म्हणजे कॅमेऱ्यांचा पॉवर सप्लाय, बदलायला मी स्वतः गेलो होतो आणि वेळ बघितली नाही. ती चूक माझी आहे आणि ती मला अजून लागते.

पोतं सापडलं दुपारच्या फुटेजमध्ये. टेम्पोत ११ ऐवजी १२ पोती चढली होती, पावती ११ ची. पण हे मिळालं ते नशिबानं, कारण एक कॅमेरा २ एमबीपीएसला (म्हणजे सेकंदाला २ मेगाबिट रेकॉर्डिंग) ठेवला तर दिवसाला साधारण २१ जीबी खातो, ८ कॅमेरे म्हणजे १७० जीबीच्या वर, आणि त्यांची डिस्क १ टीबीची, म्हणजे जेमतेम साडेपाच दिवस, त्यानंतर जुन्यावर नवीन चढत जातं. शेठनी हिशोब आणखी दोन दिवसांनी केला असता तर ती दुपार पुसली गेली असती आणि मामा चोर ठरले असते. आता तिथं ४ टीबी टाकलीय, ती पण सर्व्हिलन्सची, कारण घरच्या कॉम्प्युटरची साधी डिस्क रात्रंदिवस लिहीत राहण्यासाठी बनवलेली नसते.

त्या दिवशीच नेट परत चालू केलं आणि त्याबरोबर पासवर्ड पण बदलला. २०१६ ला मिराई नावाच्या व्हायरसनं जगभरातले डीव्हीआर आणि कॅमेरे फॅक्टरीच्या पासवर्डवरून ताब्यात घेतले होते आणि त्या ऑक्टोबरमध्ये अमेरिकेत मोठमोठ्या साइट बंद पाडल्या होत्या, तरी अजून लोक कंपनीनं दिलेला पासवर्ड तसाच ठेवतात.

आमच्या यार्डात सगळ्यात जास्त त्रास हळदीच्या धुळीचा. ती इतकी बारीक असते की लेन्सवर पिवळा थर बसतोच, वर डीव्हीआरच्या फॅनमध्ये जाऊन फॅन जाम होतो, मग डिस्क तापते आणि एक दिवस रेकॉर्डिंगच थांबतं, लाइव्ह मात्र छान दिसत राहतं. म्हणून मी सगळ्यांना सांगतो, लाइव्ह बघू नका, आठवड्यातून एकदा प्लेबॅक लावा, कालचं आणि सगळ्यात जुनं. २०१९ च्या ऑगस्टच्या पुरात गावभागातले काउंटरखाली ठेवलेले किती डीव्हीआर पाण्यात गेले, तेव्हापासून लोक वर माळ्यावर ठेवतात, पण पत्र्याखाली उन्हाळ्यात भट्टी असते, तिथं डिस्क टिकत नाही. मधली उंची आणि हवा खेळती, एवढंच पाहिजे.

दिवसा चांगला आणि रात्री बंद पडणारा कॅमेरा असला की आधी पॉवर सप्लाय तपासा, कारण अंधारात आयआर, म्हणजे कॅमेऱ्याची इन्फ्रारेड लाइट, लागली की करंट जास्त ओढला जातो आणि थकलेल्या एसएमपीएसला तो झेपत नाही. कोळ्याचं जाळं तर दर महिन्याला काढायलाच लागतं, आयआरच्या उजेडाला किडे येतात, किड्यांमागं कोळी येतो, आणि ते जाळं रात्री पांढरं चमकून अख्खं चित्र झाकतं.

आणि प्रकरण पोलिसात गेलं असतं तर? जालन्याच्या २०१४ च्या निवडणुकीच्या खटल्यात सुप्रीम कोर्टानं १४ जुलै २०२० ला सांगितलं की मूळ यंत्र कोर्टात आणलं नाही तर कॉपीबरोबर तेव्हाच्या साक्ष कायद्यातलं कलम ६५बी चं सर्टिफिकेट लागतंच. तो खटला पण रेकॉर्डिंगवरचाच होता, उमेदवारी अर्ज वेळेत आले का यावरून. १ जुलै २०२४ पासून नवा साक्ष कायदा आला, आता कलम ६३, त्यात फाइलची हॅश व्हॅल्यू, म्हणजे फाइलमध्ये काही बदललं की बदलणारा कोड, पण लिहायला लागते. पण सर्टिफिकेट कितीही व्यवस्थित असू दे, कोपऱ्यातली वेळच चुकीची असली तर ते कागद मामांच्या विरोधातच गेले असते.

मामा त्या गाळ्यात परत गेले नाहीत. शेठनी दोनदा माणूस पाठवला, एकदा स्वतः घरी गेले, मामांनी चहा पाजला पण नाही म्हणाले. आता ते पलीकडच्या ओळीत गुळाच्या अडतीवर आहेत, आणि तिथले कॅमेरे पण माझ्याकडंच आहेत. गेल्या महिन्यात सर्व्हिसिंगला गेलो, शिडीवर चढलो होतो, तर मामांनी खालनंच विचारलं, "टाइम बरोबर हाय न्हवं रं?" मी खाली उतरलो, मोबाइल स्क्रीनच्या शेजारी धरला आणि त्यांना दोन्ही दाखवले.