डिवायडरच्या कुठल्या बाजूला?

गेल्या पावसाळ्यात भाजी घेईपर्यंत माझी स्कूटर गायब झाली. हातात मेथीची जुडी तशीच धरून मी पोलीस थाण्यात गेलो. (पन्नास वर्षं इंदुरात काढल्यावर तोंडात 'थाना'च बसतो, पुणेकरांनी माफ करावं.) तक्रार लिहून घेणाऱ्या मुन्शीजींनी पेन उचललं, पण पहिला प्रश्न काय? "अंकल, गाड़ी डिवाइडर के इस तरफ थी या उस तरफ?" मी म्हटलं, उस तरफ. पेन खाली. "वो तो दूसरा थाना लगेगा." दुसरीकडे गेलो, त्यांनी परत इकडे पाठवलं. तोवर मेथी सुकली.

रात्री लेकीला फोनवर सांगितलं. ती न्यू जर्सीत, प्रिन्स्टनला असते. तिथे म्हणे पूर्वी एकाच गावात दोन नगरपालिका, बरो आणि टाउनशिप, एक दुसरीच्या पोटात, पोलीसही वेगवेगळे. 2011 साली लोकांनी मतदान केलं आणि 1 जानेवारी 2013 पासून सगळं एक झालं, पोलीससुद्धा. जवळपासची इतर छोटी गावंही वायरलेसचा कक्ष वगैरे वाटून घेतात. एकेका गावाला सगळा खर्च झेपत नाही, एवढंच कारण.

आपल्याकडे तर खातं पूर्ण राज्याचं एकच! शिवाय 1 जुलै 2024 पासूनच्या नव्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत, कलम 173 मध्ये, गुन्हा कुठल्याही हद्दीतला असो, तक्रार नोंदवायची तरतूद आहे. जावयाने त्या कलमाचं प्रिंटआउट काढून दिलं. ते दाखवल्यावर मुन्शीजींनी मला बसायला खुर्ची दिली, चहा मागवला आणि मग लिहायला घेतलं.

स्कूटर अजून मिळालेली नाही.