अकरा मिनिटं, सत्तेचाळीस सेकंद

रात्रीचा दीड वाजला असेल. पिरिओडोग्रामवर, म्हणजे ताऱ्याचा उजेड किती सेकंदांच्या लयीत कमी-जास्त होतो हे दाखवणाऱ्या आलेखावर, ७०७ सेकंदांपाशी एकच शिखर ताठ उभं होतं, बाकी सगळं गवत. मी खुर्चीतून उठलो, परत बसलो आणि फाइलला नाव दिलं: 'अकरा_मिनिटं_खरंच'.

हुरळायला कारण होतं. एनजीसी ६६२४ या गोलाकार तारकागुच्छात ४यू १८२०-३० नावाची जोडी आहे. न्यूट्रॉन तारा आणि श्वेतबटू, दोन्ही मेलेल्या ताऱ्यांचे अतिघन अवशेष, ६८५ सेकंदांत, म्हणजे अकरा-साडेअकरा मिनिटांत, एकमेकांभोवती फेरी मारतात. दोघांमधलं अंतर पृथ्वी-चंद्र अंतराच्या निम्म्याहूनही कमी. १९८७ साली हा आवर्तकाल सापडला. गुच्छांच्या गाभ्यात ताऱ्यांची इतकी दाटी असते, की एकटा न्यूट्रॉन तारा येताजाता कुणाचा तरी जोडीदार पळवतो. म्हणूनच क्ष-किरणांत तेजस्वी दिसणाऱ्या अशा जोड्या तिथे, ताऱ्यांच्या संख्येच्या मानाने, उरलेल्या आकाशगंगेपेक्षा शंभरेक पटींनी जास्त सापडतात. 'चंद्रा' या क्ष-किरण अवकाश दुर्बिणीच्या जुन्या निरीक्षणातला माझा तारा अशाच जोडीतला असणार, असं मी मनाशी ठरवूनही टाकलं. त्याचे जेमतेम दोनशे फोटॉन, म्हणजे प्रकाशकण, होते, तरी!

सकाळी सरांना आलेख दाखवला. त्यांनी शिखराकडे धड पाहिलंही नाही. "तारा कॅमेऱ्याच्या चिपवर कुठे पडलाय?"

"कडेला."

"मग आकाशाचे नाही, चिपचे कोऑर्डिनेट्स घेऊन प्लॉट कर."

तेवढ्यावरच माझ्या पोटात गोळा आला. चंद्रा दुर्बीण निरीक्षण करताना मुद्दाम हलके झुलते. डिटेक्टरवरच्या ठरावीक पिक्सेलांचे दोष एकाच ताऱ्याच्या माथी बसू नयेत, म्हणून. तिच्यावरचा एसिस कॅमेरा वापरताना हा झोका एका दिशेत १००० सेकंदांचा असतो आणि दुसऱ्या दिशेत ७०७ सेकंदांचा. हे मी मॅन्युअलमध्ये वाचलं होतं, पिवळ्या पेनाने अधोरेखितही केलं होतं. पण प्रत्येक फोटॉनची जागा नंतर दुरुस्त होते, त्यामुळे चित्रात तारा जागचा हललेला दिसत नाही. झोका विसरायला होतं ते इथे.

प्लॉट उघडला. फोटॉनांची जाळीदार, चौकोनी नक्षी उमटली होती आणि तिची एक बाजू कात्रीने कापल्यासारखी सरळ. दर झोक्याला तारा चिपच्या कडेबाहेर जात होता आणि त्याचे फोटॉन नोंदलेच जात नव्हते. जोडीदाराआड तारा झाकला जातोय असं मला वाटलेली 'ग्रहणं' ती हीच.

दुपारी दुसऱ्या वर्षीचं निरीक्षण काढलं. तिथे तोच तारा चिपच्या मधोमध होता. आलेख सपाट, ७०७ला काहीही नाही. तो श्वेतबटूची जोडी आहे, शांत बसलेला न्यूट्रॉन तारा आहे की आणखी काही, हे तेवढ्या फोटॉनांवरून सांगता येईना. माझ्या ताऱ्यांच्या यादीत त्याच्यापुढे प्रश्नचिन्ह टाकलं.

संध्याकाळी यादीतला प्रत्येक तारा चिपच्या कडेपासून किती लांब आहे, याचा एक रकाना वाढवला. सरांनी तो पाहिला, आणि फाइलचं नावही. "हे राहू दे," म्हणाले.