माइन नदीवरचा लोखंडी साकव

जूनमध्ये आई-बाबा फ्रँकफर्टला आले तेव्हा पहिल्याच संध्याकाळी मी त्यांना 'आयझर्नर श्टेग'वर घेऊन गेले. आयझर्नर म्हणजे लोखंडी. श्टेग म्हणजे काय, हे बाबांना सांगायला फार खटपट करावी लागली नाही. आमच्या राजापूरकडचा 'साकव' हा शब्द त्याला अगदी चपखल बसतो. माणसांनी पायी पलीकडे जायचं, एवढ्यासाठीच घातलेला अरुंद पूल. फक्त हा साकव पाऊणदोनशे मीटरच्या घरात जातो आणि खालून मालवाहू बोटी जातात.

मी नदीच्या दक्षिणेला, झाक्सनहाउझनमध्ये राहते. जुनं शहर उत्तरेला. पूर्वी शहराच्या या भागात पायी किंवा गाडीने नदी ओलांडायची तर एकच जुना दगडी पूल होता. त्याचा उल्लेख १२२२ सालापासून सापडतो. घोडागाड्या, हातगाड्या, माणसं, सगळ्यांची दाटी तिथेच. एकोणिसाव्या शतकात ही गर्दी असह्य झाली, पण नवीन पुलाचा खर्च उचलायला शहराचा कारभार तयार नव्हता. मग गावातल्या लोकांनीच एकत्र येऊन पैसे उभे केले. फ्रँकफर्ट तोवर स्वतंत्र नगरराज्य होतं; १८६६ मध्ये प्रशिया या बलाढ्य जर्मन राज्याने त्याचं स्वातंत्र्य काढून घेतलं होतं, आणि त्यानंतर दोन-तीन वर्षांतच हा पूल उभा राहिला, ही गोष्ट मला फार मोठी वाटते. आराखडा पेटर श्मिक या अभियंत्याचा. १८६९ मध्ये पूल खुला झाला. पलीकडे जायला माणशी एक क्रॉयत्सर द्यावा लागे, म्हणजे तेव्हाचं अगदी बारीक नाणं. अशी नाणी साठत साठत लोकांचे पैसे फिटले आणि १८८६ मध्ये टोल बंद होऊन पूल शहराच्या ताब्यात गेला.

हे ऐकून बाबा थांबले. "म्हणजे गावानेच घातलेला साकव की गो हा!"

खरंच. आमच्याकडे बाबांच्या लहानपणी पावसाळ्याआधी वाडीतली माणसं जमून वहाळावर पोफळीचे सोट टाकायची, बांबूचा कठडा बांधायची. कोणाची वाट बघायची नाही.

पुढे बोटींची ये-जा वाढली म्हणून १९११-१२ मध्ये पूल नव्याने, अधिक उंच बांधला. मार्च १९४५ मध्ये अमेरिकन फौजा जवळ आल्यावर माघार घेणाऱ्या जर्मन सैन्यानेच तो उडवला. शहराचा मध्यभाग तर बॉम्बवर्षावात आधीच भुईसपाट झालेला. अशा उपासमारीच्या दिवसांत, १९४६ मध्येच, पूल पुन्हा उभा केला. पायी जाणाऱ्यांचा पूल इतक्या लवकर!

बाबांनी खांबावर हात ठेवला. रिव्हेटांची टोकं बोराएवढी, एकाशेजारी एक, रंगाचे थर चढून गुळगुळीत झालेली. कठड्याच्या जाळीला प्रेमिकांची हजारो कुलपं लटकलेली. आई त्यांवरची नावं वाचत पुढे गेली.

वर तुळईवर ग्रीक अक्षरं आहेत. प्राचीन ग्रीक कवी होमरच्या 'ओडिसी' या महाकाव्यातली ओळ. तिचा अर्थ साधारण असा: मद्याच्या रंगाच्या समुद्रावरून, निराळी भाषा बोलणाऱ्या माणसांकडे निघालो आहे. नवीन आले तेव्हा रोज कामावर जाताना मी ती ओळ बघायची. जर्मन नीट कळत नव्हतं, दुकानात हातवारे करून भाजी घ्यायची, आणि या ओळीचा अर्थ समजला त्या दिवशी पुलावरच डोळे भरून आले होते. काव्यात बोलणारी व्यक्ती पुढच्याच ओळीत सांगते की ती तांबं आणायला निघाली आहे आणि बदल्यात चकाकतं लोखंड नेते आहे. ती ओळ इथे लिहिलेली नाही.

बाबांना मी दोन्ही ओळी सांगितल्या. त्यांनी वर बघितलं, मग पायाखाली. "लोखंड आहे की," म्हणाले, आणि आईला गाठायला भराभर चालू लागले.