यूरे, सिल्व्हर्टन, टेल्युराइड : आईबाबांना घेऊन केलेली कोलोरॅडो ट्रिप

आईबाबा नाशिकहून आले होते, त्यांना घेऊन सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात डेन्व्हरहून निघालो. पहिला दिवस नुसता ड्राइव्हमध्ये जातो, सहा तास तरी धराच, त्यात वाटेत मोनार्क पासवर आईला फोटो काढायचे होते आणि बाबांना चहा हवा होता.

यूरे हे आमचं मुक्कामाचं गाव. तिन्ही बाजूंनी उभे कडे आणि मधे एक मेन स्ट्रीट, बस्स, संपलं गाव! गावाच्या टोकाला गरम पाण्याच्या झऱ्याचा स्विमिंग पूल आहे, पाण्याला गंधकाचा वास येत नाही म्हणून आईसुद्धा उतरली आणि मग तिला बाहेर काढायला तासभर लागला. बॉक्स कॅन्यनचा धबधबाही गावातच, थोडंसंच चालायचं, गुडघेवाल्यांनाही झेपतं.

आता मुख्य मुद्दा, यूरे ते सिल्व्हर्टनचा रस्ता, ज्याला मिलियन डॉलर हायवे म्हणतात. जेमतेम २५ मैल, पण रेड माउंटन पास ११,०१८ फुटांवर आहे आणि बऱ्याच ठिकाणी कठडाच नाही, कारण रस्त्यावरचा बर्फ खाली ढकलायला कडा मोकळी लागते. आपल्या घाटात निदान दगडी कठडे तरी असतात हो! यूरेहून सिल्व्हर्टनला जाताना तुमची गाडी दरीच्या बाजूला असते, येताना डोंगराच्या. हे मला आधी कुणी सांगितलं नव्हतं, जाताना नवरा गप्प आणि बाबांचं मोठ्याने रामरक्षा. ज्यांना उंचीची भीती आहे त्यांनी सिल्व्हर्टनच्या दक्षिणेच्या दुरांगो गावाकडून वर यावं, म्हणजे पूर्ण रस्ता आतल्या बाजूने होतो.

सिल्व्हर्टन ९,३०० फुटांवर, म्हणजे कळसूबाईच्या जवळपास पावणेदोन पट. मेन रोड सोडला की बाकीचे रस्ते अजून मातीचेच, जुन्या खाणकामगारांच्या काळातले वाटतात. दुरांगोहून १८८२ पासून धावणारी वाफेची गाडी दुपारी येते आणि गाव एकदम गजबजतं, म्हणून सकाळीच पोचा, निवांत फिरा, गाडी येताना शिट्टी ऐका आणि मग जेवायला रांग लागायच्या आत बसा.

टेल्युराइड सुंदर आहे पण महाग, तिथे राहू नका. यूरेहून रिजवेमार्गे तासाभरात जाता येतं, आणि वाटेतल्या डॅलस डिव्हाइड खिंडीत अस्पेनची पिवळी झाडं बघून गाडी थांबवावीच लागते. १८८९ मध्ये प्रसिद्ध दरोडेखोर बुच कॅसिडीने इथल्याच बँकेवर दरोडा घातला होता, बाबांना ही गोष्ट धबधब्यापेक्षा जास्त आवडली. तिथून माउंटन व्हिलेजला जाणारा गोंडोला (रोपवे) चक्क फुकट आहे, साधारण तेरा मिनिटं, आम्ही दोनदा गेलो. फक्त वसंतात आणि नोव्हेंबरच्या सुमारास काही आठवडे बंद असतो, तारखा बघून निघा.

बाकी : पहिल्या दिवशी पाणी भरपूर प्या, दारू टाळा, उंचीमुळे डोकं दुखतं. पेट्रोल यूरेच्या आधी लागणाऱ्या मॉन्ट्रोजलाच फुल्ल करा. हिवाळ्यात हिमस्खलनाच्या धोक्याने यूरे-सिल्व्हर्टनचा घाट मधूनमधून बंद करतात, रोड कंडिशन बघितल्याशिवाय जाऊ नका. आणि छोटा कुकर बरोबर घ्या, या उंचीवर पाणी ९० अंशाच्या आसपासच उकळतं, आमची डाळ पातेल्यात दीड तास शिजत होती आणि तरी दाताखाली येत होती.