खांद्याची कॅमेरा बॅग: जाडी 12 सेंटिमीटरच्या आत

या बॅगेचं काम आता निम्म्याच्या पुढे गेलंय. बॅग ठरली, आतला इन्सर्ट, म्हणजे बॅगेत बसणारा फोमचा कप्पेदार डबा, तयार झाला, पट्टा बदलून झाला. तळ आणि पावसाचं कव्हर बाकी आहे. ज्यांना असंच काही करायचंय त्यांच्यासाठी मापं, सामान आणि कुठे काय बिघडतं ते खाली देतोय.

अट एकच होती. बॅग बघून आत कॅमेरा असेल अशी शंकाही कुणाला येता कामा नये. त्यासाठी बहुतेक जण लोगो नसलेली, मळखाऊ रंगाची बॅग शोधतात. ते योग्यच आहे, पण मुंबईत बॅग ओळखू येते ती फुगवट्यावरून. सकाळी चर्चगेटला किंवा सीएसएमटीला उतरणाऱ्या जवळजवळ प्रत्येकाच्या खांद्याला बॅग असते. त्यात डबा, छत्री, बाटली, फार तर लॅपटॉप. या बॅगा चपट्या असतात आणि चालताना अंगाला धरून राहतात. त्यांच्यात चारही बाजूंनी फुगलेली, ताठ, चौकोनी काळी बॅग लगेच उठून दिसते, मग तिच्यावर कंपनीचं नाव असो की नसो. शिवाय गर्दीच्या लोकलमध्ये बॅग पोटावर घ्यावी लागते आणि तिथे जाडीचा प्रत्येक सेंटिमीटर समोरच्याच्या पाठीत रुततो. म्हणून लांबी-उंचीचं नंतर बघायचं, आधी जाडी. भरलेली बॅग बाहेरून 12 सेंटिमीटरच्या आत राहिली पाहिजे, हे धरूनच बाकी सगळं ठरवलं.

माप कसं काढलं

सामान असं: फुजीफिल्म एक्स-टी30 बॉडी (लेन्सशिवायचा कॅमेरा), तिच्यावर 18-55 मिमी झूम लेन्स लावलेली, आणि वेगळी 35 मिमी एफ/2 लेन्स. बॉडी 118.4 × 82.8 × 46.8 मिमी. झूम 65 मिमी व्यासाची आणि 70.4 मिमी लांब. 35 मिमी लेन्स 60 मिमी व्यासाची आणि साधारण 46 मिमी लांब. वजन अनुक्रमे 383, 310 आणि 170 ग्रॅम, म्हणजे 863. जादा बॅटरी धरून 900च्या थोडं वर.

कॅमेरा कसा ठेवायचा यावर जाडी ठरते. लेन्स आडवी, पुढे तोंड करून ठेवली तर बॉडी आणि लेन्स मिळून जवळपास 117 मिमी जाडीतच खर्च होतात आणि फोम धरला की बॅग 13-14 सेंटिमीटरवर जाते. तेच लेन्सचं तोंड खाली करून ठेवलं तर ते 117 मिमी उंचीत जातात आणि जाडीत येते फक्त बॉडीची उंची, 83 मिमी. त्यामुळे आतली जागा 90 मिमी पुरते. दोन्ही बाजूंना 8 मिमीचा फोम धरून 106, वरचं कापड धरून 108च्या आसपास. बॅगेचं स्वतःचं कापड धरूनही 12च्या आत बसतं.

लांबीचा हिशेब सोपा आहे. कॅमेऱ्याचा कप्पा 130, मधला पडदा 8, लेन्सचा कप्पा 70, म्हणजे आतून 208. कडेच्या भिंती धरून बाहेरून 224 मिमी. उंची आतून 125, तळाला दोन थर, म्हणून बाहेरून 141.

तुमची बॉडी वेगळी असेल तर तिची उंची घ्या आणि त्यात 25 मिलिमीटर मिळवा. इन्सर्टची बाहेरची जाडी साधारण तेवढी येते. मोठ्या फुल फ्रेम डीएसएलआरला हा हिशेब लागू होत नाही. ती बॉडी 12 सेंटिमीटरमध्ये बसवण्याचा हट्ट करू नये. फोम पातळ करून बसवली की पहिल्याच धक्क्याला व्ह्यूफाइंडरचा उंचवटा भिंतीला टेकतो.

कोणती बॅग

तीन प्रकार तपासले. शबनम पिशवी सगळ्यात कमी लक्ष वेधते, यात वाद नाही. दादर किंवा गिरगावात शबनमवाल्याकडे कुणी वळूनसुद्धा बघत नाही. पण तिला तळ नसतो, तोंड उघडं असतं, आणि इन्सर्ट घातला की तो तिरका होऊन एका कोपऱ्यात उतरतो. वर चेन आणि तळाला पट्टी शिवून घेतली तर एक बॉडी आणि एक छोटी लेन्स यासाठी ती चांगली. झूमसकट नाही.

ऑफिसची लॅपटॉप बॅग चपटी असते, स्वस्त असते, सगळीकडे मिळते. अडचण तोंडाची आहे. वरून सरळ चेन असली की उघडी जागा जेमतेम 8-9 सेंटिमीटर रुंद मिळते. कॅमेरा काढताना बॉडीच्या कडा चेनच्या दातांना घासतात.

ठरली ती कॅनव्हासची, फ्लॅपखाली चेन असलेली बॅग, बाहेरून 35 × 25 × 12, करड्या-तपकिरी रंगाची. लष्करी छापाची घेऊ नका. कुलाब्यापासून गोदीपर्यंत नौदलाचा परिसर आहे, तिथे असल्या बॅगेकडे उलट जास्त लक्ष जातं. मेणकापडाच्या, म्हणजे वॅक्स्ड कॅनव्हासच्या बॅगा दिसायला देखण्या, पण इथल्या उन्हाळ्यात मेण मऊ होऊन शर्टाला डाग देतं आणि अशी बॅग मशीनमध्ये धुता येत नाही. स्वस्त नायलॉनच्या बॅगांना आतून जो पीयूचा (पॉलियुरेथेनचा) लेप असतो तो दमट हवेत काही वर्षांत चिकट होतो आणि त्याचे पापुद्रे सुटायला लागतात. ते पापुद्रे थेट लेन्सवर येतात.

वृत्तपत्र छायाचित्रकार जिम डोमके यांनी 1975 साली फिलाडेल्फियात वृत्तपत्राच्या छायाचित्रकारांसाठी जी एफ-2 बॅग काढली ती याच विचाराची: मऊ सुती कॅनव्हास, बाजूंना फोम नाही, बॅग अंगाला धरून राहणारी. विचार आजही पटतो. पण आपल्या लोकलमध्ये बाजूने दाब येतो, वरून नाही, म्हणून फोम नसलेल्या भिंती इथे चालत नाहीत. मऊ बॅग आणि आत ताठ इन्सर्ट, हाच मेळ इथे जमतो.

दुकानात जाताना पुठ्ठ्याचं 22.5 × 11 × 14 सेंटिमीटरचं खोकं करून न्या. बॅगेवर लिहिलेलं माप बाहेरचं असतं आणि अस्तर व शिवणीत सेंटिमीटरभर सहज जातो. खोकं आत घालून चेन लावा. बाजूने बघा, पुढचा भाग सपाट आहे की खोक्याच्या कडा उमटतात. उमटत असतील तर ती बॅग सोडा. मग खोक्यात अर्ध्या लिटरच्या दोन भरलेल्या बाटल्या घाला, म्हणजे किलोभर वजन झालं, आणि बॅग खांद्याला लावून दुकानात चार फेऱ्या मारा. पट्टा घसरतो का आणि बॅग पुढे कलंडते का, हे तिथेच कळतं.

चेनचं तोंडही बघा. बॅग डावीकडे लावत असाल तर बंद केल्यावर रनर पुढच्या टोकाला, तुमच्या नजरेसमोर आला पाहिजे. मागच्या टोकाला रनर येणारी बॅग गर्दीत मागून सहज उघडता येते.

इन्सर्ट

तयार इन्सर्ट फोर्टात बोराबाजारच्या कॅमेऱ्याच्या दुकानांत मिळतात. मात्र ते बहुधा 12-13 सेंटिमीटर जाड असतात, म्हणून हा हाताने केला.

फोम 8 मिमीचा, बंद छिद्रांचा ईव्हीए. जाड योगा मॅट चालते, अंगठ्याने दाबून लगेच पूर्ववत होते की नाही एवढं बघून घ्या. पॅकिंगचा पांढरा फोम एकदा दबला की दबलेलाच राहतो. गादीचा फोम पाणी पितो आणि दमट हवेत त्याचा भुगा होतो.

तुकडे असे: 224 × 141चे दोन, 90 × 141चे दोन, तळासाठी 208 × 90चे दोन, पडद्यासाठी 90 × 100चा एक. पुढच्या भिंतीत, फोम आणि बाहेरचं कापड यांच्यामध्ये, फाइलच्या प्लॅस्टिकचा तेवढ्याच मापाचा तुकडा घातलाय. लोकलमध्ये कोपर किंवा दुसऱ्याच्या डब्याचा कोपरा लागतो तेव्हा तो दाब एका जागी न राहता पसरतो. कापायला कटरचं नवं पातं आणि स्टीलची पट्टी घ्या आणि एका दमात न कापता दोनदा फिरवा. एकदाच जोर लावला की फोम आधी दबतो, मग कापला जातो आणि कड तिरकी येते. तिरक्या कडेवर जोड धरत नाही.

चिकटवायला मोची वापरतात ते रबर सोल्युशन. दोन्ही बाजूंना पातळ थर द्या, बोटाला चिकटेनासा होईपर्यंत 10-15 मिनिटं थांबा आणि मग जोरात दाबा. पावसाळ्यात हेच काम फसतं. द्रावक उडताना पृष्ठभाग गार पडतो, हवेतली वाफ त्यावर बसते आणि जोड धरल्यासारखा वाटून नंतर सुटतो. कोरड्या दिवशी दुपारी करा, नाहीतर एसीच्या खोलीत थर वाळू द्या, खिडकी मात्र अधूनमधून उघडा. वास पूर्ण जाईपर्यंत इन्सर्टमध्ये लेन्स ठेवायची नाही.

आतलं कापड निवडताना वेल्क्रोच्या खरखरीत बाजूचा तुकडा खिशात न्या. कापडाला लावून ओढा, धरलं तरच घ्या. नुसतं मखमलीसारखं दिसणारं प्रत्येक कापड वेल्क्रोला धरत नाही.

लेन्स खाली ठेवली की कॅमेऱ्याचं सगळं वजन लेन्सच्या पुढच्या टोकावर येतं आणि पुढे सरकणाऱ्या झूमला ते मुळीच चांगलं नाही. म्हणून कप्प्याच्या दोन बाजूंना 75 मिमी उंचीचे फोमचे ठोकळे बसवलेत. 8 मिमीच्या पट्ट्या एकावर एक चिकटवून ते केलेत. बॉडीचे खांदे त्यांच्यावर टेकतात आणि लेन्सचं टोक तळापासून चारेक मिमी वर राहतं. दोन्ही ठोकळे सारख्या रुंदीचे करू नका. माउंट, म्हणजे लेन्स बसते ती जागा, बॉडीच्या मधोमध नसतो, म्हणून कॅमेरा ठेवून खूण करा आणि मग कापा. इन्सर्टच्या दोन्ही टोकांना नवारीचा एकेक लूप शिवलाय, नाहीतर 25 सेंटिमीटर खोल बॅगेतून तो बाहेर ओढताना कापड फाटतं.

वर जी जागा उरते तिथे नॅपकिन किंवा घडी केलेलं वर्तमानपत्र. फ्लॅप उघडल्यावर आधी तेच दिसलं पाहिजे. बाटली आणि ओली छत्री इन्सर्टच्या शेजारी नको, छत्रीसाठी बाहेरचा खिसा आहे.

पट्टा आणि आवाज

मूळ पट्टा गुळगुळीत नायलॉनचा होता, सुती कपड्यावरून घसरणारा. त्याजागी 38 मिमीची जाड सुती नवार. टोकं 6 सेंटिमीटर दुमडून चौकोन आणि त्यात फुली अशी टीप मारली. दोरा पॉलिस्टरचा, सुई 18 नंबरची. सुती दोरा घाम आणि पाऊस यांनी कुजतो आणि पट्टा तुटतो तो नेमका टाक्याजवळ. घरच्या मशीनला चार पदर झेपत नाहीत. बॅग दुरुस्त करणाऱ्याकडे किंवा धारावीतल्या कारागिराकडे हे काम चटकन होतं.

फिरत्या हुकाची कडी डी-रिंगवर आपटून टिकटिक करते. हुकाच्या दांड्यावर हीट श्रिंक ट्यूबचा (गरम केल्यावर आवळणाऱ्या नळीचा) 2 सेंटिमीटरचा तुकडा चढवला की आवाज बंद. फ्लॅपच्या वेल्क्रोचा खर्र आवाज देवळात, वाचनालयात किंवा बाणगंगेच्या घाटावर सकाळच्या शांततेत सगळ्यांना ऐकू जातो. खरखरीत पट्टीवर मऊ बाजूचा तुकडा दाबून ठेवला की फ्लॅप नुसता पडून राहतो. गर्दीत चेन, रस्त्यावर फक्त फ्लॅप. मेट्रोत बॅग तपासणीच्या पट्ट्यावर आडवी पडते, तेव्हा चेन लावलेलीच हवी. डिजिटल कॅमेरा आणि कार्डाला त्या एक्स-रेने काही होत नाही.

पाऊस आणि बुरशी

छत्री असताना खांद्याच्या बाजूला लटकणारी बॅग नेमकी छत्रीच्या काडीवरून गळणाऱ्या धारेखाली येते. वरून कोरडे, कडेने चिंब, असं त्यामुळेच होतं. पावसात पट्टा दोन वीत आखडून बॅग पोटावर घ्या. सध्या इन्सर्टभोवती जाड पॉलिथिनची पिशवी आहे, तिचं तोंड दोनदा दुमडून आत खोचलेलं. पाणी शिरतं ते बहुधा कापडातून नाही, टाक्यांच्या भोकांतून आणि चेनमधून.

एसी लोकलमधून बाहेर पडल्यावर लगेच कॅमेरा काढू नका, काच धूसर होते. इन्सर्ट झाकलेलाच ठेवून 15-20 मिनिटं जाऊ द्या.

बॅगेत सिलिका जेलची पुडी टाकून निर्धास्त राहणारे पुष्कळ आहेत. उघड्या बॅगेत ती पुडी मुंबईच्या हवेतलाच ओलावा शोषते आणि बघता बघता निकामी होते. बॅग ही कॅमेऱ्याची राहायची जागा नाही. रोज घरी आल्यावर कॅमेरा आणि लेन्स हवाबंद डब्यात, आत सिलिका जेल आणि छोटा आर्द्रतामापक, काटा 40 ते 50 टक्क्यांत. 60च्या वर सतत राहिला की बुरशीला मोकळं रान. इन्सर्ट आणि बॅग वेगळे करून पंख्याखाली, बॅग उलटी टांगून.

बाकी काम

तळाला 39 × 16चा रेक्झिनचा तुकडा बाहेरून, कडा 2 सेंटिमीटर वर घेऊन, आणि कोपऱ्यांना चार रबरी बटणं चिकटवून. पावसात लोकलच्या डब्यातली फरशी ओली असते, बॅग खाली ठेवली की कॅनव्हास तळातून पाणी ओढतो. टीप फक्त वर घेतलेल्या कडांवर मारायची, तळावर एकही भोक नको. कव्हर राखाडी छत्रीच्या कापडाचं करायचंय. तयार मिळणारी नारिंगी-पिवळी कव्हरं दुरून दिसतात, म्हणून ती बाद. कापड साधारण 70 × 60 सेंटिमीटर, कडेला इलॅस्टिक, पट्ट्यासाठी दोन चिरा आणि त्या चिरांवर झाकणासारखी 4 सेंटिमीटरची पट्टी. चिरा उघड्या राहिल्या तर पट्ट्यावरून ओघळणारं पाणी थेट आत जातं.